चामड्याच्या जुन्या पर्सवर बुरशी: काय करावं, काय टाळावं?

शाहूपुरीकर

नमस्कार. आईच्या चामड्याच्या पर्सबद्दल विचारायचं आहे. आई पाटण तालुक्यात आरोग्यसेविका होती. पगारातून तिने हौसेने स्वतःसाठी घेतलेली पहिली वस्तू म्हणजे ही पर्स, कोल्हापुरातून आणलेली. जाड तपकिरी चामडं, पितळी बक्कल, आत सुती अस्तर. निवृत्त होईपर्यंत तिने तीच वापरली, मग माझ्याकडे दिली.

हळदीकुंकवासाठी साड्या काढायला कपाट उघडलं तर पर्सवर पांढुरके-राखाडी ठिपके. शिवणीलगत दाट, झाकणावर पातळ धुरकट थर. बक्कलाभोवती हिरवं मेणचट काहीतरी साचलंय. रिव्हेटपाशी काळे डागही आहेत. आतून कुबट वास येतो. कपाट लोखंडी, पश्चिमेच्या भिंतीला टेकलेलं, आणि पर्स प्लास्टिकच्या पिशवीत होती.

शेजारच्या काकू म्हणतात खोबरेल चोळ. बहीण म्हणते ऊन पडलं की दिवसभर गच्चीवर ठेव. मला पर्स नव्यासारखी करायची नाही. आईच्या हाताने मऊ झालेला पट्टा, झाकणावरचे ओरखडे, सगळं तसंच राहू दे. बुरशी मात्र जायला हवी आणि परत यायला नको. कुणाला अनुभव आहे का?

रानजाई

आमच्याकडे कोल्हापुरी पायताणांना पावसाळ्याआधी तेल पाजतात, त्यांना कधी बुरशी आलेली पाहिली नाही. कापड ओलं करून पुसा, वाळवा आणि हलक्या हाताने खोबरेल लावा. व्हिनेगरनेही जाते, पट्ट्यांना मी तेच वापरते.

दप्तरखाना

शाहूपुरीकर ताई, आत्ता तेल अजिबात लावू नका. जुन्या पोथ्यांच्या चामडी बांधण्या जपण्याचं काम मी बरीच वर्षं करतो आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पर्सवर जे दिसतंय ते सगळं एकच आहे असं धरून चालू नका. तुमच्या वर्णनात मला चार वेगळ्या गोष्टी दिसतात.

शिवणीलगतचे दाट ठिपके आणि कुबट वास, ही बुरशी. भिंगातून पाहिलंत तर बारीक तंतू दिसतील.

झाकणावरचा धुरकट थर कदाचित बुरशी नसेलही. चामडं मऊ राहावं म्हणून कमावताना त्यात तेल-चरबी मुरवलेली असते. गारठा पडला की त्यातला घट्ट होणारा भाग पृष्ठभागावर येऊन पांढरा दिसतो. ओळखायची रीत सोपी आहे: हेअर ड्रायर सगळ्यात कमी आचेवर, हातभर लांबून, काही सेकंद. थर विरघळून दिसेनासा झाला तर ती चरबी, मऊ कोरड्या कापडाने टिपून घ्या. तसाच राहिला तर बुरशी. ड्रायरचा उपयोग एवढ्यापुरताच, वाळवायला नाही.

बक्कलापाशी जे हिरवं मेण आहे ते तांब्याचं. पितळेतलं तांबं आणि चामड्यातली आम्लं यांच्या संयोगाने ते होतं. लाकडी टूथपिकने हळू उचला आणि कोरड्या कापसाने पुसा. तिथे ब्रासो किंवा चिंच लावू नका, ते चामड्यात उतरलं की डाग कायमचा. काळ्या डागांबद्दल इथले कुणी कारागीर जास्त नीट सांगतील.

आता तेलाचं. बुरशी चामड्यावर वाढते ती मुख्यतः त्यातल्या चरबीवर, हाताच्या घामावर, धुळीवर आणि अस्तराच्या खळीवर. वरून खोबरेल लावलं की तिला आणखी खाद्य मिळतं. शिवाय खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं. साताऱ्यात पौषात पहाटे काय गारठा असतो तो तुम्हाला ठाऊक आहेच. लावलेलं तेल तेव्हा पांढरं होऊन वर दिसेल आणि पुन्हा बुरशी आली असं वाटेल.

उन्हाचं म्हणाल तर ओल आणि उष्णता एकत्र आल्या की चामड्यातली तंतूंची वीण आक्रसते आणि ती परत सुटत नाही. वनस्पतीच्या सालीने कमावलेलं नवं चामडं ओलं असताना साधारण ७५ ते ८५ अंशांना आक्रसतं. जुनं झिजलेलं चामडं त्याच्या बऱ्याच खाली. गच्चीच्या तापल्या फरशीवर ही जोखीम घेऊ नका. सावली आणि वारा, एवढंच पुरे.

गावभाग_सांगली

उन्हाबद्दल वरती लिहिलंय ते डोळ्यांनी पाहिलेलं आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४५ फूट. आमच्या तळमजल्यात सगळं पाण्याखाली होतं आणि त्यात वडिलांची वकिलीची चामडी बॅग. पाणी ओसरल्यावर गल्लीत जो तो मिळेल ते उन्हात टाकत होता. चपला, पट्टे, पाकिटं, सगळं पापडासारखं कडक होऊन वाकलं.

वडिलांची बॅग आम्ही स्वच्छ पाण्याने गाळ जाईपर्यंत धुतली, पंच्याने टिपली, आत कोरे कागद कोंबले आणि पंख्याखाली ठेवली. कागद ओले झाले की बदलायचे. वर्तमानपत्र वापरलं नाही, शाई उतरते. सावकाश वाळली आणि आकार टिकला. शेजारी ज्यांनी वस्तू प्लास्टिकमध्ये बांधून ठेवल्या, त्यांच्याकडे दोन दिवसांत बुरशी धरली.

ताई, तुमची पर्स भिजलेली नाही, नुसती दमटलेली आहे. तिला पाण्याने धुवायच्या फंदात पडू नका.

शाहूपुरीकर

दप्तरखाना दादा, मनापासून आभार. मग सुरुवात कुठून करू? आणि घरात सासूबाईंना दमा आहे.

दप्तरखाना

मग घरात पर्स झटकायचीच नाही. आधी ती अलगद उचलून कागदी पिशवीत घाला, तोंड मुडपा, आणि कोरड्या हवेच्या खोलीत पंखा लांब ठेवून एक-दोन दिवस राहू द्या. पिशवीतही ती वाळते. ओली बुरशी घासली की चामड्यात फासली जाते. वाळली की पावडर होते आणि ब्रशने सुटते, म्हणून हा थांबा महत्त्वाचा.

मग पावसाने उघडीप दिली की गच्चीवर किंवा अंगणात. एन-९५ मास्क, हातमोजे, आणि वारा तुमच्या पाठीकडून. रंगकामाचा मऊ, कोरडा ब्रश घेऊन एकाच दिशेने, आपल्यापासून दूर झाडा. शिवणीच्या खाचा, पट्ट्याची आतली बाजू, झाकणाची घडी सोडू नका. अस्तर बाहेर उलटता आलं तर उलटा. काम झाल्यावर ब्रश साबणाने धुवा, कापड टाकून द्या, अंगावरचे कपडे थेट धुवायला टाका.

बहुतेक वेळा निम्म्याहून जास्त काम एवढ्याने होतं. उरलेल्यासाठी अल्कोहोल, पण त्याबद्दल ज्यांना औषधांचं माहीत आहे त्यांनी लिहावं.

औषधी_वडूज

लिहितो. मेडिकलमध्ये आयसोप्रोपिल अल्कोहोल मागा. जवळपास शुद्ध, म्हणजे ९९ टक्क्यांचं मिळालं तर तेवढंच उकळून गार केलेलं पाणी मिसळा. ७० टक्क्यांची बाटली असेल तर दोन चमच्यांना एक चमचा पाणी. दोन्ही रीतींनी मिश्रण साधारण निम्म्या ताकदीचं होतं.

सर्जिकल स्पिरिट नको, त्यात इतर पदार्थ मिसळलेले असू शकतात. हाताचा सॅनिटायझर तर मुळीच नको. त्यातला जेल आणि ग्लिसरीन चामड्यावर चिकटून बसतं. ब्लीच चामड्याचं प्रथिनच खातं, त्याचा विचारही करू नका.

आधी पट्ट्याच्या आतल्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, कापसाच्या बोळ्याने एक थेंब लावून पाहा. वाळल्यावर तिथला रंग फिकट झाला किंवा बोळ्यावर गडद तपकिरी उतरला तर थांबा. नसेल तर पांढरं सुती कापड जेमतेम ओलसर करा, पिळलं तर थेंब पडू नये इतपत. टेकवा आणि उचला, घासू नका. प्रत्येक वेळी कापडाची नवी घडी. अल्कोहोल पेट घेतं, त्यामुळे देवघरातला दिवा आणि गॅस यांपासून लांब.

रानजाई

व्हिनेगर चालत नाही असं कुणी म्हणालं नाही अजून. अल्कोहोलने चामडं कोरडं पडतं हेही खरं ना?

दप्तरखाना

पडतं, म्हणून निम्मं पाणी आणि जेमतेम ओल. रोजच्या बुटांना, पट्ट्यांना पातळ केलेलं पांढरं व्हिनेगर चालून जातं, त्याला माझी हरकत नाही. पण सालीने कमावलेलं चामडं म्हातारं होतं तेच मुळी आम्लाने. जुन्या पुस्तकांच्या बांधण्या लालसर भुकटी होऊन हाताला लागतात ना, तो याच रोगाचा शेवट. ज्या पर्सला अजून कित्येक वर्षं टिकवायचं आहे तिच्यात मी हाताने आम्ल घालणार नाही. अल्कोहोल उडून जातं, मागे काही ठेवत नाही.

रानजाई

हे पटलं. तरी पट्ट्यांना मी व्हिनेगरच वापरणार, वर्षानुवर्षं निभावलंय.

पायताणवाला_मिरज

धागा आज पाहिला. आमच्या घरात तीन पिढ्या चामड्याचं काम आहे.

काळे डाग बुरशीचे नाहीत, ते लोखंडाचे. आपल्याकडचं जुन्या पद्धतीचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कमावतात. हिरड्याचा अर्क आणि हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, एकत्र केलं की काळी शाई होते, जुने लोक बोरू बुडवायचे ती. ताईंच्या पर्सवर तेच झालंय. रिव्हेट पितळेचं दिसत असलं तरी आत लोखंडी असणार. दमट हवेत गंज सुटला, चामड्यातल्या हिरड्या-बाभळीला भेटला आणि काळं झालं. ते निघत नाही. लिंबू लावून काढतो म्हणणाऱ्यांचं ऐकू नका, डागाच्या जागी पांढरा चट्टा येतो. ओलसर पर्स लोखंडी फळीवर किंवा तारेच्या हँगरला टेकवू नका, नाहीतर नवे डाग पडतील.

एका अर्थी ही चांगली खूण आहे. काळं पडलं याचा अर्थ चामडं अस्सल, सालीने कमावलेलं. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे चार जिल्हे आहेत. अशा चामड्यावर काम केलेली माणसं तुमच्याच जिल्ह्यात अजून आहेत. पर्स कुणाच्या हातात द्यायची वेळ आलीच तर अशा माणसाच्या द्या. पॉलिश मारून चकचकीत करणाऱ्याच्या नको.

पायताणाला तेल पाजतात हे रानजाई ताईंचं बरोबर आहे. पण पायताण रोज पायात असतं, वारा लागतो, तेल चालून चालून मुरतं. पर्स बंद कपाटात पडून राहते. त्या दोन्हींचा न्याय एक नाही.

कोयनाकाठ

माझ्याकडे स्वीडचं, म्हणजे लवदार चामड्याचं, जाकीट आहे, त्यालाही हेच चालेल का?

दप्तरखाना

नाही. स्वीडला ओलं काही लावू नका. वाळवा, मऊ ब्रशने झाडा आणि राहिलेल्या ठिपक्यांवर स्वच्छ पांढरं खोडरबर हलकं फिरवा. त्यापुढे जाणकाराकडेच.

शाहूपुरीकर

काम केलं. तुम्ही म्हणालात तसंच निघालं. झाकणावरचा धुरकट थर ड्रायरच्या कोमट हवेने दिसेनासा झाला, म्हणजे ती चरबी होती. शिवणीलगतचे ठिपके तसेच राहिले. मुलाच्या प्रयोगवहीबरोबरचं भिंग लावून पाहिलं तर खरंच जाळ्यासारखे तंतू. गच्चीवर ब्रशने झाडलं, मग अल्कोहोल टेकवून घेतलं. कापडावर किंचित तपकिरी आलं, पण पर्सचा रंग ढळलेला नाही. दोन ठिकाणी फिकट सावली राहिली आहे. बक्कलाचं हिरवं मेण टूथपिकने अख्खं सुटून आलं.

आईला दाखवली. तिने पट्टा हातात धरून पाहिला आणि म्हणाली, आता तिला कोंडून ठेवू नकोस.

एक प्रश्न राहिला. आतला वास जात नाही.

पायताणवाला_मिरज

ती सावली असू द्या. बुरशी जाते, तिने सोडलेला रंग चामड्यात राहतो. तो घासायला गेलात तर चामड्याची वरची कातच निघेल.

वासाचं मूळ बहुतेक तळाशी आहे. अशा पर्सच्या तळाला अस्तराखाली पुठ्ठा असतो, खळीने चिकटवलेला. पुठ्ठा आणि खळ दोन्ही ओल धरतात आणि आत बुरशी बसली की बाहेरून कितीही पुसा, वास येतच राहतो. तळाशी अस्तर दाबून पाहा. पुठ्ठा लिबलिबीत लागला किंवा फुगलेला वाटला तर कारागिराकडून अस्तराचे थोडे टाके उसवून पुठ्ठा बदलून घ्या. खळीऐवजी नुसता बसवायला सांगा. अस्तर जुनंच ठेवता येतं.

पुठ्ठा कडक आणि कोरडा असेल तर खायचा सोडा मलमलच्या पुरचुंडीत बांधून पर्समध्ये ठेवा आणि पर्स झाकणाच्या डब्यात. सोडा अस्तरावर मोकळा टाकू नका, शिवणीत अडकतो.

पसरणी_घाट

सगळे पर्सबद्दल लिहीत आहेत, मी कपाटाबद्दल लिहिते. आमचं घर पाचगणीला. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला काहीही टेकवून ठेवायचं नाही हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. पर्स कितीही चांगली साफ केलीत तरी त्याच कपाटात परत गेली तर पुढच्या श्रावणात परत बुरशी येणार. बुरशीचे कण हवेत सगळीकडे असतात, ते घालवता येत नाहीत. आपल्या हातात आहे ती ओल. सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या खाली राहिली तर बुरशीला धरायला जमत नाही. आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र काही शे रुपयांत मिळतं. ते कपाटात ठेवा, खोलीत नको.

आधी भिंत तपासा. कपाटामागच्या भिंतीवर तळहाताएवढा प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दोन दिवसांनी पाहा. भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले असतील तर ओल भिंतीतून येते आहे, म्हणजे गच्ची, पाइप किंवा गिलाव्याचं काम करून घ्यायला हवं. खोलीकडच्या बाजूला थेंब असतील तर खोलीतली दमट हवा गार भिंतीवर थिजते आहे. मग कपाट वीतभर पुढे ओढा, स्वयंपाकाची वाफ बाहेर जाऊ द्या, ओले कपडे त्या खोलीत वाळत घालू नका.

डांबरगोळ्या, कापूर, कडुलिंबाचा पाला हे सगळं किड्यांसाठी. ओल त्याने जात नाही. सिलिका जेलही उघड्या-मिटत्या कपाटात आठवड्याभरात तृप्त होऊन बसतं. घट्ट झाकणाच्या डब्यातच त्याचा उपयोग, आणि रंग बदलला की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर वाळवून परत वापरता येतं. बाजारात ओल शोषणारे डबे मिळतात, ज्यात खाली पाणी साचतं, ते चामड्याजवळ अजिबात ठेवू नका. ते खारं पाणी सांडलं तर पर्स गेली.

गावभाग_सांगली

कपाटात रात्रभर बल्ब लावून ठेवायची जुनी पद्धत आहे. कुणी सुचवण्याआधी सांगतो, साड्यांच्या कपाटात ते नको. आगीचा धोका आहे.

औषधी_वडूज

पसरणी_घाट ताईंना दुजोरा. दुकानात औषधांसाठी आर्द्रतेची नोंद ठेवतो. जुलै-ऑगस्टमध्ये खिडक्या उघडल्या की आत आकडा वाढतो. वारा खेळावा म्हणून भर पावसात कपाट उघडं टाकण्यात अर्थ नाही, उघडीप पाहूनच उघडा. माणदेशाच्या बाजूला आमच्याकडे पाऊस कमी, तरी श्रावणात पट्टे पांढरे पडतात. तुमच्याकडे तर यवतेश्वरचा डोंगर डोक्यावर.

शाहूपुरीकर

प्लास्टिक लावून पाहिलं. थेंब भिंतीच्या बाजूला आले. गच्चीवरून खाली उतरणारा पाण्याचा पाइप नेमका त्याच भिंतीतून जातो. पाऊस थांबला की गवंडी येतोय, तोवर कपाट आतल्या भिंतीला हलवलं आहे. तळाचा पुठ्ठा मऊ लागला, तो बदलायला देणार आहे.

पर्स आता आईच्या जुन्या सुती साडीच्या पिशवीत आहे, आत कोरे कागद भरून, लाकडी खुंटीला टांगलेली. दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. चामडं थोडं कोरडं वाटतंय, काही लावायचं का आणि कधी? आणि पट्ट्याची शिवण एका टोकाला सुटत आली आहे. मशीनवर घालून घेऊ का?

दप्तरखाना

पावसाळा संपेपर्यंत काही लावू नका. दसऱ्यानंतर हवा कोरडी पडेल, ऑक्टोबरच्या उन्हाचे दिवस येतील, तेव्हा पर्स सावलीत भरपूर वारा लागेल अशी ठेवा. तोवर बुरशी परत दिसली नाही तर चामड्यासाठीचं कंडिशनर, बोटावर हरभऱ्याएवढं घेऊन, अगदी पातळ. आधी तीच आतली जागा तपासायची. तासाभराने जास्तीचं पुसून घ्या. पट्टा वाकवताना चिरा दिसत नसतील तर तेवढंही नाही लावलं तरी चालेल.

पायताणवाला_मिरज

मशीन नको. मशीनची सुई जुन्या भोकांच्या शेजारी नवी भोकं पाडते आणि जुनं चामडं त्या ओळीवर फाटतं. मेण लावलेल्या सुती दोऱ्याने, जुन्याच भोकांतून, दोन सुयांनी हाताने शिवून घ्या. नायलॉनचा दोरा चामड्यापेक्षा चिवट असतो, ओढ बसली की भोकं कापत जातो. रिव्हेट बदलायचं झालं तर पूर्ण पितळी मागा आणि घेताना लोहचुंबक लावून पाहा, चिकटलं तर परत करा. तळाचा पुठ्ठा आणि ही शिवण एकाच वेळी देऊन टाका, म्हणजे पर्स दोनदा उसवावी लागणार नाही.